एरर ६९१: छापखान्यातलं एक प्रकरण

२००२ सालची दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. त्यामुळे घटस्थापना झाली तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तात्यांच्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन दिवाळी अंक, शिवाय पतसंस्थांची कॅलेंडरं. मुखपृष्ठं आणि रंगीत जाहिराती इथं जुळवायच्या आणि पॉझिटिव्ह (छपाईची फिल्म) काढायला ईमेलनं पुण्याला पाठवायच्या, अशी त्या वर्षी नवी सोय केली होती. आधी सीडी घेऊन माणूस एस्टीनं जायचा. आता एस्टीचा माणूस कमी केला आणि इंटरनेटच लागेना.

मी संगणक दुरुस्त करायचो. मला ८ ऑक्टोबरला, मंगळवारी बोलावलं. तक्रार एका ओळीची होती: "नंबर लागतो, किरकिर करतो, आणि पासवर्ड चुकीचा म्हणतो. कधी म्हणतो, कधी नाही म्हणत." पडद्यावरचा आकडा दर वेळी तोच, ६९१. मोडेमवाल्या, म्हणजे फोनच्या तारेवरून नंबर लावून चालणाऱ्या इंटरनेटचा जमाना ज्यांनी पाहिलाय त्यांना हा आकडा पाठ असेल. युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा, म्हणून पलीकडच्या संगणकानं प्रवेश नाकारला, असा त्याचा अर्थ. हे प्रकरण मी वहीत तारखांसकट लिहून ठेवलं होतं. त्यात मीही अडकलो होतो, हे त्याचं एक कारण.

माझ्या आधी काय काय झालं होतं ते सांगतो. पहिल्यांदा नकार आला २८ सप्टेंबरला. इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलानं "पासवर्ड परत टाइप करा" सांगितलं. ते तीन वेळा केलं. मग आधीच्या मेकॅनिकनं मोडेम बदलला. तरी तेच. १ ऑक्टोबरला त्यानं हार्ड डिस्क फॉरमॅट करून विंडोज ९८ नव्यानं टाकलं. (आमच्या धंद्यात हे आंघोळ घालण्यासारखं आहे. रोग कुठलाही असो, आधी आंघोळ.) तरी तेच. ३ तारखेला तात्यांनी वैतागून इंटरनेटच्या ठरावीक तासांचा नवा प्रीपेड पॅक आणला, नवा युजरनेम, नवा पासवर्ड. त्या दिवशी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं, दुपारी परत ६९१.

मी गेल्यावर पहिलं काम केलं ते मोडेमचा आवाज ऐकण्याचं. डायल टोन, आकडे, पलीकडून उचलल्याची शीळ, मग दोन्हीकडचा खरखराट, आणि शांतता. ती शांतता आली म्हणजे दोन मोडेमचं जमलं. त्यानंतर पडद्यावर 'व्हेरिफाइंग युजरनेम अँड पासवर्ड' येतं, आणि इथं दोनेक सेकंदांत नकार येत होता.

ही दोन सेकंदं मला महत्त्वाची वाटली. फोनच्या तारेत, मोडेममध्ये किंवा एक्स्चेंजमध्ये दोष असता तर आकडा वेगळा आला असता. डायल टोन नसेल तर ६८०, लाइन व्यग्र असेल तर ६७६, पलीकडून कुणी उचललंच नाही तर ६७८. ६९१ हा आकडा तुमचा निरोप पोचून, वाचला जाऊन, त्यावर उत्तर मिळाल्याशिवाय येत नाही. म्हणजे मोडेम बदलायचं कारणच नव्हतं. तात्या म्हणाले, "लाइनला खरखर आहे, त्यात पासवर्डची अक्षरं बदलत असतील." शंका हुशार माणसाची होती, पण तसं होत नाही. ज्या पीपीपी नावाच्या पद्धतीनं ही बोलाचाली चालते तिच्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या (पॅकेटच्या) शेवटी पडताळणीचा आकडा असतो. वाटेत एखादं अक्षर बिघडलं की आकडा जुळत नाही, आणि पाकीट वाचलंच जात नाही, फेकून दिलं जातं. खरखरीनं उत्तर येणार नाही, वाट पाहून तुटेल. चुकीचा पासवर्ड म्हणून दोन सेकंदांत नकार मात्र येणार नाही.

मग विंडोजकडून लेखी पुरावा घ्यायचा. कंट्रोल पॅनेल, नेटवर्क, डायल-अप अडॅप्टर, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथं लॉग फाइल ठेवायची की नाही असा एक पर्याय असतो, तो 'यस' केला. मशीन परत चालू केलं, एकदा नकार खाल्ला आणि विंडोजच्या फोल्डरमधली 'पीपीपीलॉग' नावाची मजकूर फाइल उघडली. बरेच मेकॅनिक ही फाइल कधी उघडत नाहीत, कारण ती सोळा आकडी मापात लिहिल्यासारखी दिसते. पण त्यात शोधायचं थोडकंच असतं. पहिल्या टप्प्यात दोन्ही बाजू ओळख कशी पटवायची ते ठरवतात. तिथं 'सी०२३' दिसलं तर पॅप, 'सी२२३' दिसलं तर चॅप.

पॅप म्हणजे साधा कारभार: नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा पाठवायचा. चॅपमध्ये सर्व्हर एक कोडं घालतो, तुमचा संगणक पासवर्ड वापरून ते सोडवतो आणि फक्त उत्तर पाठवतो; पासवर्ड तारेवरून जातच नाही. ऐकायला चॅप सरस, पण त्यासाठी सर्व्हरकडेही मूळ पासवर्ड असावा लागतो. युनिक्सच्या जुन्या रीतीप्रमाणे पासवर्ड कायमचे चुरगळून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही असे ठेवलेले असतील तर सर्व्हर स्वतःच ते कोडं सोडवू शकत नाही. म्हणून त्या काळी कितीतरी कंपन्या पॅपवरच होत्या, आणि कनेक्शनच्या 'सर्व्हर टाइप्स'मध्ये कुणी 'रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड'ला टिक केली की गाडी अडायची. मला तीच शंका होती. पण टिक नव्हती, आणि लॉगमध्ये पॅप ठरल्याचं स्वच्छ दिसत होतं. पॅपनं नाव-पासवर्ड गेला, पलीकडून 'नाही' आलं. एवढंच. का नाही, ते लिहिलेलं नव्हतं.

त्या 'नाही'मागे काय असतं ते इथंच सांगून टाकतो, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. तुमचा फोन ज्या यंत्रावर लागतो ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते नाव, पासवर्ड आणि तुम्ही ज्या फोनवरून बोलताय त्याचा नंबर मिळाला तर तोही एका मध्यवर्ती सर्व्हरला विचारतं. या विचारण्याच्या पद्धतीला रेडियस म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डायल-अपसाठीच ती निघाली, आणि आज घरी फायबर आहे त्यांच्याही राउटरमधून पीपीपीओईनं (पीपीपीच्याच एका रूपानं) लॉगिन होत असेल तर पाठीमागे बहुधा हाच सर्व्हर बसलेला असतो. त्याचं उत्तर 'घ्या आत' किंवा 'नको'. पासवर्ड चुकला, पॅकचे तास संपले, मुदत संपली, त्याच नावानं आधीच कुणी आत आहे, सगळ्याला 'नको'. सोबत कारणाची ओळ पाठवायची सोय आहे, पण ती आपल्यापर्यंत पोचत नाही. विंडोज त्या सगळ्या नकारांना एकच आकडा लावतं, आणि खाली 'पासवर्ड तपासा' असं बेधडक लिहितं. तो सल्ला फक्त एकाच कारणाला लागू आहे.

तर पासवर्ड खरंच चुकीचा आहे का? त्याची सोपी चाचणी म्हणजे दुसऱ्या संगणकावरून त्याच नाव-पासवर्डानं आत जाऊन पाहायचं. पॅकचं पाकीट खिशात घालून घरी आलो, रात्री १० वाजून ४० मिनिटांनी माझ्या संगणकावर नवं कनेक्शन तयार केलं, आणि पहिल्या फटक्यात लागलं. बारा मिनिटं बसलो, कंपनीच्या पानावर जाऊन शिल्लक तास पाहिले, आणि कनेक्शन तोडलं. खातं ठीक, पासवर्ड ठीक. दोष छापखान्याच्या मशीनमध्ये.

त्याच पानावर जुन्या पॅकचं नावही घालून पाहिलं. मुदत संपलेली. पॅक पहिल्या वापरापासून सहा महिने चालतो असं पाकिटावर बारीक अक्षरात होतं आणि तात्यांच्या अक्षरात 'सुरू २८ मार्च' असंही होतं. अकरा तास शिल्लक होते म्हणून कुणालाच मुदतीची आठवण झाली नाही. २८ सप्टेंबरचा पहिला नकार हा होता. मोडेम बदलला, विंडोज धुतलं, ते या सहा महिन्यांसाठी.

पण नव्या पॅकला काय झालं? ९ तारखेला सकाळी छापखान्यात गेलो, मशीन चालू केलं, स्वतः पासवर्ड टाकला: लागलं. तोडून परत: लागलं. कंपोझिंग करणाऱ्या ताई अकराला आल्या. दुपारी बाराला मुखपृष्ठ पाठवायला त्यांनी लावलं: ६९१. मी पाठीशी उभा होतो. अक्षर न् अक्षर बरोबर दाबत होत्या. कॅप्स लॉक बंद. ताई रडकुंडीला आल्या. "दादा, मी बसले की होतंय. तुम्हीच बसा."

माणूस बदलला की यंत्र बिघडतं, असं कुणी म्हटलं की मी पूर्वी हसायचो. आता विचारतो, दोघांमध्ये वेगळं काय? मी सकाळी आल्या आल्या लावलं. त्यांनी तासभर मराठी कंपोझ केल्यावर लावलं. पासवर्ड टाइप करायच्या डब्यात फक्त चांदण्या दिसतात, आत काय पडलं ते कळत नाही. म्हणून ताईंना म्हटलं, पासवर्ड युजरनेमच्या डब्यात टाइप करा, तिथं अक्षरं दिसतात. त्यांनी केला, आणि डब्यात टोप्या-टिंबं घातलेली फ्रेंच वाटावीत अशी अक्षरं उमटली.

ज्यांनी युनिकोडच्या (सगळीकडे एकच असलेल्या अक्षरसंकेताच्या) आधी मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी केलीय त्यांच्या लक्षात आलं असेल. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. मायक्रोसॉफ्टनं ती विंडोज २००० मध्ये आणली. छापखान्यात मराठी यायची ती एका वेगळ्या सॉफ्टवेअरमधून. ते कळफलक आणि विंडोज यांच्यामध्ये बसायचं, तुम्ही दाबलेल्या कळीच्या जागी फॉन्टमधल्या अक्षराचा सांकेतिक आकडा सरकवायचं, आणि तो आकडा मराठी फॉन्टमध्ये 'क' दिसायचा, इतरत्र काहीच्या बाही. इथं ते स्क्रोल लॉकच्या कळीनं चालू-बंद व्हायचं असं लावलेलं होतं. आणि चालू असलं की ते पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्येच नाही, सगळीकडे चालू. पासवर्डच्या डब्यातसुद्धा. ताई बरोबर कळा दाबत होत्या आणि कंपनीकडे मराठी फॉन्टचे आकडे जात होते.

स्क्रोल लॉक चालू असला की कळफलकावर उजवीकडे वर हिरवा दिवा लागतो. मग दहा दिवसांत तो कुणाला कसा दिसला नाही? त्या तीन दिव्यांवर गणपतीचं स्टिकर होतं. दिवे डोळ्यांत जातात म्हणून ताईंनीच लावलेलं.

राहिला एक धागा. हे आधी कधी का झालं नव्हतं? सॉफ्टवेअर जुनं, ताई जुन्या, स्टिकर जुनं. कारण आधी पासवर्ड टाइप करावाच लागत नसे, तो जतन केलेला होता. विंडोज नव्यानं टाकल्यावर चालू होताना नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी यायला लागली, आणि सगळे ती एस्केप दाबून घालवत. विंडोज ९८ मध्ये जतन केलेले पासवर्ड ज्या पीडब्ल्यूएल फाइलमध्ये राहतात ती फाइल त्या खिडकीतून नीट आत गेलं तरच उघडते. एस्केप दाबलं की 'सेव्ह पासवर्ड'चा चौकोन करडा पडतो, टिक होतच नाही. म्हणजे पहिल्या रोगावरच्या औषधानं दुसरा रोग आणला. मी ती खिडकी रिकाम्या पासवर्डानं 'ओके' करायला शिकवली, पासवर्ड जतन केला, स्टिकर सोलून बाजूला लावलं. त्या दुपारी मुखपृष्ठ गेलं. अडीच एमबीची फाइल मेलमध्ये घातली की तिसऱ्या हिश्शानं फुगते, आणि वर पाठवायचा वेग कागदावरच ३३.६ केबीपीएस, वीस मिनिटं लागली. ताईंनी तोवर फोनला हात लावू दिला नाही कुणाला.

दीडशे रुपये घेऊन घरी आलो. खूश होतो.

शुक्रवारी, ११ तारखेला, दुपारी अडीचला तात्यांचा फोन. "आलं परत." आकडा? "तोच."

गेलो. दिवा बंद. पासवर्ड जतन केलेला. लॉगमध्ये पुन्हा पॅप, पुन्हा दोन सेकंदांत नकार. सकाळी अकराला लागलं होतं, नीट तोडलं होतं. मला पहिली शंका आली ती अडकलेल्या सत्राची. सत्र संपल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचला नाही तर त्याच्या वहीत तुम्ही आतच राहता, आणि परत गेलात की 'तुम्ही आधीच आत आहात' म्हणून नकार. यावर उपाय वाट पाहण्याचा. अर्धा तास थांबलो. नकार. चारला नकार. पावणेपाचला अचानक लागलं.

लागल्या लागल्या कंपनीच्या पानावर वापराचा हिशोब उघडला: तारीख, सुरुवात, किती मिनिटं. तात्या प्रेसचं रजिस्टर चोख ठेवत, त्यात इंटरनेट कधी लावलं हेही ताई लिहीत, कारण तीन मिनिटांना फोनचं एक युनिट पडायचं. दोन्ही समोरासमोर ठेवले. पानावर रजिस्टरमध्ये नसलेल्या बऱ्याच नोंदी होत्या. बुधवारी दुपारी अडीच तास. गुरुवारी जवळपास तीन. आज २ वाजून ५ मिनिटांपासून पावणेपाचपर्यंत. म्हणजे आम्ही नकार खात होतो तेव्हा त्याच नावानं दुसरं कुणीतरी आत बसलेलं होतं. या पॅकला एका वेळी एकच जण, म्हणून दुसऱ्याला नकार. पासवर्डाचा संबंधच नाही.

"पासवर्ड आणखी कुणाला दिलाय?" मी विचारलं.

तात्या जरा थांबून म्हणाले, "भाच्याला दिला होता मागे. पुण्यात हॉस्टेलला असतो."

"मग तोच."

"जुन्या पॅकचा दिला होता रे."

"नवाही घेतला असेल मागून." मी हे खात्रीनं बोललो, याची आज लाज वाटते. तात्यांनी लगेच हॉस्टेलवर फोन लावला आणि चांगलं झापलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: "मामा, मला नवीन पॅक आणलाय हेच माहीत नाही."

शनिवारी सकाळी कंपनीच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रात फोन केला. तिथला तंत्रज्ञ कामाचा निघाला. रेडियसच्या नोंदीत फोन करणाऱ्याचा नंबर बहुतेक वेळा लिहिला जातो, हे मला माहीत होतं, म्हणून त्यालाच विचारलं की बुधवार-गुरुवारच्या दुपारच्या सत्रांना कुठला नंबर दिसतोय. पूर्ण नंबर देता येणार नाही म्हणाला. म्हटलं, पुण्याचा आहे का तेवढं सांगा.

"पुण्याचा नाही. तुमच्याच गावचा. शेवटचे तीन आकडे सांगतो, ओळखीचा आहे का बघा."

ते तीन आकडे मी वहीवर लिहिले. माझ्याच घरच्या फोनचे होते.

घरी येऊन पाहिलं तर सगळं उघड होतं. मंगळवारी रात्री चाचणीसाठी कनेक्शन केलं तेव्हा पासवर्ड जतन करायला टिक केली होती, आणि इंटरनेट एक्स्प्लोररनं ते नवं कनेक्शन नेहमीचं म्हणून धरलं होतं. माझं स्वतःचं खातं त्याच फोल्डरमध्ये बाजूला पडलेलं. पुतण्याची शाळा सकाळची. दुपारी जेवून तो संगणकावर बसायचा, ब्राउझर उघडायचा, ब्राउझर आपोआप डायल करायचा, आणि तो बिचारा तात्यांच्या पैशानं क्रिकेटचे स्कोअर पाहायचा. त्याला वेगळं काही दिसायचं कारण नव्हतं. हिशोबाच्या पानावर रजिस्टरमध्ये नसलेली पहिली नोंद ८ ऑक्टोबर, रात्री १०.४०, बारा मिनिटं, अशी होती. ती मी शुक्रवारी पाहिली होती, आपली आहे म्हणून सोडून दिली होती, आणि त्याच्याच खालच्या ओळींचा चोर पुण्यात शोधत होतो.

कनेक्शन पुसलं. छापखान्यात जाऊन पॅकचा पासवर्ड कंपनीच्या पानावरून बदलला, नवा पासवर्ड ताईंनी ठरवला आणि मी पाठ फिरवून उभा राहिलो. मग तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "भाच्याला फोन तू कर."

केला. भाचा भला होता, हसला. बिल झालं तेव्हा तात्यांनी पुतण्याच्या आठ तासांचे पैसे आणि त्या तासांत खाल्लेल्या नकारांची फोनची युनिटं माझ्या मजुरीतून कापली. युनिटं ताईंनी रजिस्टरवरून मोजून दिली. दसऱ्याला यंत्रांची पूजा होती म्हणून गेलो तर ऑफसेटला, कटिंग मशीनला आणि टेलिफोनला झेंडूची माळ होती. कळफलकाला हळदीकुंकू वाहिलं होतं. तीन दिवे मात्र मोकळे ठेवले होते.